माझ्याच मॉनिटरपुरतं व्हायोलिन

प्रिय बारक्या,

तुझे सहा निरोप पोचले. सातव्याची वाट न बघता लिहायला बसले आहे. मी फोन उचलत नाही अशी आईकडे तक्रार केलीस, तेही कळलं. मुद्दामच उचलला नाही. तू फोनवर 'ताई' म्हणतोस तेव्हा त्या दोन अक्षरांना असं काही लोणी लावतोस की माझा राग घसरून पडतो, आणि या वेळी मला तो पडू द्यायचा नाही. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, ही मोठी सोय आहे. तुझा प्रश्न एकच आहे, येत्या शनिवारच्या कार्यक्रमाला मी उभी राहणार की नाही. जाहिरातीत माझा फोटो गेलाय, तिकिटं संपलीत, गायक चिंतेत आहे, वगैरे सगळं तू सविस्तर सांगितलंस. उत्तर देणार आहे. पण आधी माझं सगळं ऐकून घ्यायचं, ऐकणं हा तर तुझा धंदाच आहे.

तुला या धंद्यात आणलं कुणी? मीच. परीक्षेत दोनदा गटांगळ्या खाऊन घरी बसला होतास, सगळ्या घराचे रेडिओ उघडून ठेवले होतेस. गायकाला म्हटलं, माझ्या भावाला आवाजातलं कळतं, एकदा बघ तरी. रंगाच्या दुकानावरच्या आपल्या त्या तालमीच्या खोलीत तू पहिल्यांदा आलास तेव्हा थिनरच्या वासाने तुला शिंका थांबेनात आणि ड्रमर म्हणाला, हा आवाज सुधारणार की वाढवणार? तोवर आम्ही स्टेजवर कसे वाजवत होतो, आठवतं ना? आंधळी कोशिंबीर. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो ओरडायचा, तो ओरडतो म्हणून गिटारवाला वाढवायचा, गिटार वाढली म्हणून ड्रमर बडवायचा, आणि मी त्या गदारोळात हनुवटीखालच्या लाकडाच्या थरथरीवर भरवसा ठेवून वाजवायचे. आपलंच वाजवणं आपल्याला ऐकू यावं म्हणून आमच्यासमोर मॉनिटर होते, नाही असं नाही. पण ते काळे तिरके खोके नुसते गरगर करायचे. आई पहिल्यांदा बघायला आली तेव्हा तिला वाटलं, पाय दुखले की टेकायला ठेवलेत. तसे ते त्याच लायकीचे होते म्हणा.

ते तू बदललंस, हे रागातसुद्धा लिहायला हवं. साउंडचेकच्या आधी तू प्रत्येकाच्या जागेवर जाऊन उभा राहायचास. ड्रमरच्या स्टुलावर बसायचास, माझ्या जागी मान वाकडी करून, हनुवटीखाली हाताची मूठ धरून उभा राहायचास, आणि मग खोका चार बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकवायचास. आम्हाला शिकवलंस की मला जास्त द्या, मला जास्त द्या असं ओरडायचं नाही, जे नको ते कमी करून मागायचं. ड्रमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मॉनिटरमध्ये ड्रम कशाला हवा? जेवढ्यावर सूर आणि ठेका सापडतो तेवढंच घ्यायचं, बाकीचं हॉलसाठी. हॉलचा आवाज वेगळा, आमचा वेगळा. हॉलचा मिक्सरवाल्या काकांकडे, आमचा तुझ्याकडे. त्या काकांनीच तुझं नाव कानसेन ठेवलं. मला किती अभिमान वाटला होता ते तुला ठाऊक आहे. माझ्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही मी काच पुसता पुसता सांगायचे, माझा भाऊ असा असा आहे म्हणून. खोक्याच्या मागच्या बटणाला मी एकदा हात लावला तेव्हा तू हळूच माझा हात बाजूला केलास आणि म्हणालास, "ताई, बटण माझं, व्हायोलिन तुझं." मी हसले होते. तेव्हापासून त्या बटणाला मी कधी शिवले नाही.

चौदा महिन्यांपूर्वी माझा मॉनिटर एकदम सुरेख झाला. इतका, की मी घरी येऊन आईला सांगितलं, आज पहिल्यांदा असं वाटलं की मी मोकळ्या माळावर वाजवतेय. माझं व्हायोलिन स्वच्छ, समोर, त्याच्यामागे गायकाचा आवाज, थोडी बास. कीबोर्ड अजिबात नाही. तुला विचारलं, कीबोर्ड का काढलास रे? तू म्हणालास, तुला लागत नाही ताई, उगीच गर्दी. तुझंच तत्त्व, मी का शंका घेऊ? वर कार्यक्रम संपला की तू मला रेकॉर्डिंग पाठवायचास. मी बसमध्ये ते ऐकायचे, आणि मनात म्हणायचे, बाई, चाळिशी ओलांडल्यावर हात बसला तुझा. गायकही म्हणायचा, आज काय वाजवलंस! ते रेकॉर्डिंग तुझ्याकडच्या मॉनिटरचं होतं, हॉलचं नव्हतं, हे मला आता कळलंय. तेव्हा कळायला मी काय देव होते?

एकजण मात्र खरं बोललं होतं. आई. त्या शाळेच्या मोठ्या सभागृहात ती सातव्या रांगेत बसली होती आणि घरी येताना म्हणाली, "छान झालं गं, पण तुझं व्हायोलिन काही ऐकू आलं नाही." मी तिला काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, आई, तुझे कान गेलेत. वर तिला तपासायला घेऊन जाते म्हणाले. ती बिचारी नंतर आठवडाभर टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायची, मला बरं वाटावं म्हणून. हे मी तुला हसत हसत सांगितलं होतं, तेव्हा तू काय म्हणालास तेही आठव. तू म्हणालास, सातव्या रांगेत खांबामुळे नीट पोचत नाही. त्या सभागृहात खांब नाहीत, बारक्या. परवा मुद्दाम जाऊन बघून आले.

आता त्या दिवसाचं. दुपारी चारचा कार्यक्रम, बँकेच्या कर्मचाऱ्यांचा, खुर्च्यांना पांढरे अभ्रे घातलेले. तिसऱ्या गाण्यात माझा मॉनिटर तडतडायला लागला, तेल उडाल्यासारखा. तुला खूण केली, तू गिटारवाल्याच्या वायरीत गुंतला होतास. पुढचं ते संथ गाणं, ज्यात दोन कडव्यांच्या मध्ये मी एकटी वाजवते. तडतडीत ते कसं वाजवणार? म्हणून वाकले आणि बटण बंद केलं. तुझं बटण. चौदा महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर काहीच नव्हतं, आणि हॉलच्या मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज मला ऐकू यायला लागला. मोठा, थोडा उशिरा येणारा, पण खरा. गायक होता. ड्रम होता. माझी जागा आली, मी गज टेकवला, हनुवटीत ओळखीची थरथर झाली, आणि भिंतीवरून आलं ते कीबोर्डमधलं व्हायोलिन. ते बटण दाबून निघणारं, तुपकट. माझीच जागा, माझेच सूर, माझ्याच हरकती. कीबोर्डवाला मान खाली घालून वाजवत होता. मी चार मात्रा वाजवून गज उचलला. तसाच हवेत धरला. काहीही झालं नाही. जागा पुढे चालू राहिली, नीट संपली, आणि टाळ्या पडल्या. सवयीने मी मान झुकवली. चौदा महिने मी त्याच्या टाळ्यांना मान झुकवत होते, कळतंय का तुला? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे तर आंधळ्याला वाकून नमस्कारही करायला लावला.

मी थांबले तेव्हा कुणाचीही मान वळली नाही. ड्रमरची नाही, गायकाची नाही. त्यांच्या मॉनिटरमध्ये मी नव्हतेच, त्यांना काय कळणार! एकच मान वर आली. तुझी. हेडफोन लावून बसलेला तू एकटाच माझं वाजवणं ऐकत होतास, म्हणून ते थांबलेलं फक्त तुला कळलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझा चेहरा मला सगळं सांगून गेला. लहानपणी माझी पेन्सिल लपवलीस की असाच व्हायचास, पांढराफटक. बाकीच्यांनी फसवलं असतं तर मी भांडले असते, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाकडे जाऊन सांगू? विश्वासाने मान ठेवली होती रे तुझ्यापुढे, आणि तू केसाने गळा कापलास. उरलेली पाच गाणी मी गज तारांच्या एक बोट वर ठेवून वाजवली. लोकांना छान वाटलं असावं.

मग तुझा पहिला निरोप आला, तुला वाईट वाटू नये म्हणून केलं. तो ऐकून मी दुकानात गेले आणि दिवसभर चष्म्याचे नंबर तपासत बसले. एक आजोबा आले होते, म्हणाले, मागच्याएवढाच नंबर लिहा, बायकोला वाटेल म्हातारा झालो. बारक्या, मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून जुना नंबर लिहून दिला असता तर ते रस्ता ओलांडताना कुठल्या गाडीखाली आले असते? मी खरा नंबर लिहिला. ते रुसले, चष्मा घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणाले, समोरच्या इमारतीला एवढ्या खिडक्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. तुला एवढंही जमलं नाही. ताई, तू बेसूर होतेस, एवढे चार शब्द. स्वयंपाकघरात उभा राहून, माझ्याकडे पाठ करून म्हणाला असतास तरी चाललं असतं.

पाचव्या निरोपात तू थोडा चिडलास आणि विचारलंस, तुला सांगायची सोय होती का? त्या प्रश्नावर दोन दिवस जेवण गेलं नाही, म्हणजे तो बरोबर जागी लागला. बासवाल्याने तालमीत मला दोनदा म्हटलं होतं, तुमचा वरचा सूर चढतोय. मी त्याला इतकं लागेल असं बोलले की तो महिनाभरात बँड सोडून गेला, आणि नवा आला तो तोंडाला कुलूप लावूनच. हे माझं पाप आहे, माझ्या पदरात घालून घेते. मी तापट आहे, मान्य. पण तो परका होता, बारक्या, तू नव्हतास. तुझ्यावर मी हजारदा ओरडले असेन. तू त्यातल्या एकदाही घर सोडून गेला नाहीस.

गेल्या मंगळवारी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, एकटीच. काचेच्या खोलीत बसवलं, कानात बारीक बारीक टिपटिप सोडली आणि ऐकू आलं की बोट वर कर म्हणाल्या. कागदावर दोन रेषा निघाल्या. उजवी बरी आहे. डावी एका ठिकाणी कड्यावरून पडावी तशी खाली गेलीय. एकच सूर माझ्या डाव्या कानाला किंचित उतरलेला ऐकू येतो, म्हणून मी तो वर ओढत होते आणि मला वाटत होतं, आता लागला. डावा म्हणजे व्हायोलिनकडचा. वीस वर्षं तारा त्या कानाशी आणि स्टेजवरचा दणका दोन्हींशी. गेलेलं परत यायचं नाही, आहे ते जपता येईल, आता मोठ्या आवाजात उभं राहायचं नाही, असं बाईंनी न अडखळता सांगितलं. ऐकून वाईट वाटलं, खूपच. पण बाहेर बाकावर बसल्यावर जाणवलं की गेल्या चौदा महिन्यांत माझ्याशी सरळ बोललेली ही आईनंतरची दुसरीच बाई. हेच चौदा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर आणखी अकरा कार्यक्रमांचा दणका तरी त्या कानाने खाल्ला नसता. त्याचा हिशेब तू स्वतःशी कर, मला देऊ नकोस.

तेव्हा शनिवारचं उत्तर, नाही. हात हवेत हलवायला कुणालाही उभं करा. पण हे सांगायला मी पत्र लिहिलं नसतं, आईकडून निरोप धाडला असता. त्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडून मी मिक्सरवाल्या काकांकडे गेले होते. ते आधी टाळत होते, मग बोलले. माझ्याविषयीची तुमची बैठक मी दुकानात असताना झाली, गायकाने विषय काढला, आणि ताईच्या मॉनिटरचं मी बघतो, तिला कळू देऊ नका, मोडून पडेल ती, हे तू म्हणालास, सगळं सांगितलं. मी उठायला लागले तर म्हातारा चष्मा पुसत म्हणाला, आता दुसरीच पंचाईत झालीय. बारक्या, गेले सात-आठ महिने तू लावलेले मॉनिटर सगळ्यांना टोचतायत. वरच्या सुरांचा आवाज तू इतका वाढवतोस की ड्रमर कानात कापूस घालून बसतो. गेल्या तीन कार्यक्रमांत स्टेजवर बारीक शिट्टी चालू होती, सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तू अंगठा वर करून विचारत होतास, छान ना? तुला ती ऐकूच आली नाही, बारक्या. साउंडचेक आटपून तू जेवायला गेलास की काका तुझ्या यंत्रावरच्या वरच्या पट्ट्या गुपचूप खाली ओढून ठेवतात. गायकाने सांगितलंय त्यांना. मग माझा हात धरून काका म्हणाले, "त्याला सांगू नकोस हं, मोडून पडेल तो." सहा दिवस मी हे पोटात ठेवलं. खोटं कशाला बोलू, गोड लागत होतं. वाटलं, राहू दे, बसू दे त्यालाही तसंच, हसऱ्या चेहऱ्यांच्या मधोमध. पण माझ्याने नाही झालं ते. शनिवारनंतरच्या मंगळवारी सकाळी साडेदहाला त्याच बाईंकडे तुझी वेळ घेतली आहे, पत्ता मागे लिहिलाय. मी दाराशी येऊन बसेन. तुझ्याशी बोलणार नाही, अजून माफ केलेलं नाही तुला, आणि करेन की नाही माहीत नाही. फक्त तो कागद हातात घेऊन बाहेर येशील तेव्हा तिथे कुणीतरी तुझ्याशी खरं बोलणारं माणूस असावं.

तुझीच, रागावलेली तरी तुझीच,
ताई